दुखत नाही तोवर



मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणारा मी माणूस. संख्याशास्त्राचा एक पेपर माझ्याकडे असतो, त्यामुळे आकड्यांशी थोडीफार ओळख आहे, एवढेच. चाळिशी ओलांडलेल्या भगिनींनी कोणत्या तपासण्या वेळच्या वेळी करून घ्याव्यात, या विषयावर बोला असे आकाशवाणीकडून पत्र आले, तेव्हा प्रथम वाटले, हे काम एखाद्या डॉक्टरीणबाईंचे आहे. पुरुषाने यावर काय बोलावे? पण मग आमची अक्का आठवली. आणि ध्यानात आले की पुरुषांनी या विषयावर तोंड उघडले नाही, हेच तर आमच्या घरात घडले होते.

अक्का ही माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे आम्हां भावंडांना तिनेच वाढविले. चोपन्नाव्या वर्षी, पाळी जाऊन चार वर्षे झाल्यावर, तिच्या अंगावरून पुन्हा थोडे थोडे लाल जाऊ लागले. तिने ती उष्णता समजली. धणे-जिऱ्याचे पाणी घेतले, सब्जा घेतला. घरात मुलाचे लग्न ठरलेले होते. अशा वेळी आपले रडगाणे कुठे लावायचे, म्हणून गप्प राहिली. लग्न पार पडले, मग सुगी आली. मग एका डॉक्टरांकडे गेली, त्यांनी न तपासताच तीन महिने गोळ्या दिल्या. आठ महिन्यांनी कंबर दुखू लागली, वास येऊ लागला, तेव्हा कुठे सुनेने माझ्या पत्नीला सांगितले आणि पत्नीने मला. मोठ्या इस्पितळात नेले. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तिसरी पायरी. विजेचे शेक झाले, औषधे झाली, आणि चौदा महिन्यांनी अक्का गेली.

मी तिला एकदा विचारले होते, अगं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "दुखत नव्हतं रे. दुखत नाही ते काय सांगायचं?"

हे उत्तर गेली काही वर्षे माझ्या कानात आहे. आपल्याकडे आजार म्हणजे दुखणे. भाषाच तशी आहे; आजारी माणसाला आपण "दुखणेकरी" म्हणतो. बाई तर दुखले तरी अंगावर काढते. मग जे दुखतच नाही त्यासाठी दवाखान्याची पायरी ती कशाला चढेल? पण या वयात बाईच्या जिवावर उठणारे बहुतेक रोग सुरुवातीला मुळीच दुखत नाहीत. रक्तदाब दुखत नाही. मधुमेह दुखत नाही. स्तनातील गाठ बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच ती दाखवायला हवी. गर्भाशयाच्या मुखाचा रोग तर कित्येक वर्षे मुक्काम करून असतो आणि चाहूलही लागू देत नाही.

या शेवटच्या रोगाबद्दल मी जरा विस्ताराने बोलणार आहे. एक तर अक्कामुळे, आणि दुसरे असे की या रोगाविषयी साऱ्या जगाने जे शिकावे असे काम आपल्याच मुलखात, बार्शी आणि धाराशिव भागात झाले आहे. आणि आपल्याच लोकांना ते ठाऊक नाही.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी म्हटले की आपल्याला भगवंताचे देऊळ आठवते, गिरण्या आठवतात, ज्वारी-तुरीची पेठ आठवते. त्याच बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे. 1987 साली तेथे एक नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील साडेतीनशेच्या आसपास गावांत कोणाला कॅन्सर झाला, कोणत्या अवयवाचा, किती वाढल्यावर कळला, याची रीतसर नोंद. खेड्यांची अशी नोंद ठेवण्याचा आपल्या देशातला तो पहिला प्रयत्न. तोवर आमचे सगळे आकडे मुंबईसारख्या शहरांचे असत. खेड्यातली बाई कशाने मरते, हे कोणाला नेमके माहीत नव्हते. "पोटाच्या विकाराने" एवढी नोंद झाली तरी पुष्कळ.

नोंदवहीत दिसले ते असे, की स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सर्वांत अधिक, आणि बाया येतात त्या फार उशिरा. मग कार्यकर्ते गावोगाव जाऊन सांगू लागले. पाळी गेल्यावर पुन्हा लाल गेले, दोन पाळ्यांच्या मध्येच गेले, संबंधानंतर गेले, पांढऱ्याला घाण वास आला, तर थांबू नका. यंत्र नाही, औषध नाही, नुसते सांगणे. आणि एवढ्यानेही पहिल्या पायऱ्यांवर येणाऱ्या बायांचे प्रमाण वाढले. शाळामास्तरांनी आणि बाईंनी हे ध्यानात घ्यावे, म्हणून मुद्दाम सांगितले. सांगण्याला किंमत आहे.

त्यानंतरचे काम याहून मोठे. 1999 साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, एक प्रचंड पाहणी हाती घेतली गेली. बार्शीचे डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत, मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्थेत काम करणारे डॉ. शंकरनारायणन यांची ही मंडळी. तीस ते एकोणसाठ वयाच्या, कोणतीही तक्रार नसलेल्या 1,31,746 स्त्रिया. गावांचे 52 गट पाडले आणि ते चार भागांत वाटले. एका भागात पिशवीच्या तोंडाला सौम्य आम्ल लावून, पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहायचे. दुसऱ्यात तेथल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. ही रीत डॉ. पापानिकोलाऊ यांची, 1940 नंतरच्या दशकात अमेरिकेत रुळलेली. तिसऱ्या भागात ज्या विषाणूमुळे हा रोग होतो तो विषाणूच शोधायचा. आणि चौथ्या भागात तपासणी नाही. फक्त माहिती द्यायची आणि नेहमीची व्यवस्था.

एका वेळची, फक्त एका वेळची तपासणी. मग आठ वर्षे वाट पाहिली. 2009 साली निकाल छापून आला. विषाणूची चाचणी ज्यांना देऊ केली त्या 34,126 स्त्रियांत या रोगाने 34 मृत्यू झाले. ज्यांना काहीच तपासणी नव्हती त्या 31,488 स्त्रियांत 64. जवळजवळ निम्मे. आणखी एक आकडा मला फार बोलका वाटतो. चाचणीत विषाणू नाही असे निघालेल्या 24,380 स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी पुढल्या काळात फक्त आठ जणींना हा कॅन्सर झाला. म्हणजे चाचणी चांगली निघाली तर बाईने खुशाल पाच-दहा वर्षे निर्धास्त राहावे. नुसते डोळ्यांनी पाहणे आणि काचेवरच्या पेशी, या दोन रीतींनी मात्र त्या पाहणीत मृत्यू ठळकपणे घटल्याचे दिसले नाही. मुंबईच्या वस्त्यांत आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा तिचा फायदा दिसला. मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा ती रीत टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. पण पुन्हा पुन्हा करावी लागते.

या 64 मृत्यूंवरून जगात पुष्कळ वाद झाला. तपासणी न देता बायकांना नुसते मोजत बसणे योग्य होते काय, असे डॉक्टरांनीच विचारले. मलाही ते खटकते. वर्गात हा तक्ता फळ्यावर काढतो तेव्हा त्या चौथ्या रकान्यापाशी माझा खडू अडखळतो. पण त्या बायांनी दिलेल्या उत्तराचा उपयोग आज आपण केला नाही, तर तो त्याहून मोठा अन्याय होईल, असे माझे मत आहे.

हा विषाणू कुठून येतो, हा प्रश्न बायका विचारीत नाहीत, पण मनात धरतात. म्हणून स्पष्ट बोलतो. तो शरीरसंबंधातून येतो. इतका सर्रास आढळणारा आहे की बहुतेक संसारी स्त्री-पुरुषांना केव्हा ना केव्हा तो होऊन जातो, आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपला आपण निघूनही जातो. थोड्या जणींच्या अंगात तो ठाण मांडतो, आणि मग दहा-पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर. तेव्हा चाचणीत विषाणू निघाला म्हणून कोणी कोणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवू नये. सासूने नाही, नवऱ्याने तर नाहीच नाही. बाईला तो लग्नानंतर नवऱ्याकडूनच मिळालेला असण्याचा पुष्कळ संभव असतो. हा विषाणूच या रोगाचे कारण आहे हे शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ट त्सूर हाउझेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. लसही निघाली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2022 साली देशी लस जाहीर केली. पण ती मुलींसाठी. त्यांच्या आयांना तपासणीवाचून गत्यंतर नाही.

आणि ही दहा-पंधरा वर्षांची मुदत म्हणजे देवाने दिलेली सवलतच. त्या काळात डाग सापडला तर तो कॅन्सर नसतो. तेवढाच भाग गोठवून किंवा तापवून जाळता येतो. काही मिनिटांचे काम. बाई त्याच दिवशी घरी जाते.

येथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. आपल्या भागात कॅन्सरच्या भीतीचा उलटा धंदाही झाला आहे. पांढरे जाते म्हणून बाई गेली, की "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका." बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या भगिनींची गोष्ट 2019 साली बाहेर आली, तेव्हा शासनाने समिती नेमली. 82,000 हून अधिक बायांची पाहणी झाली आणि त्यांत 13,000 हून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी ऐन तिशीतल्या. तेव्हा ध्यानात ठेवा: तपासणीत काही संशय निघणे म्हणजे रोगाचे निदान नव्हे. संशय निघाला तर पुढची तपासणी, बारकाईने पाहणे, गरज पडली तर लहानसा तुकडा काढून तपासणे. नुसत्या पांढऱ्या जाण्यावरून, किंवा एका सोनोग्राफीच्या कागदावरून कोणी पिशवी काढायला सांगितले, तर तेथून उठून सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. उसाची टोळी थांबणार नाही, मुकादम पैसे कापील, हे मला ठाऊक आहे. तरीही.

आता बाकीच्या तपासण्या. 2016 पासून केंद्र शासनाने आखून दिलेली रीत अशी आहे, की तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातील साखर दरवर्षी पाहावी, आणि तोंड, स्तन व गर्भाशयाचे मुख यांची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी. गावातल्या आशाताई घरी येऊन एक कागद भरून घेतात. वय काय, तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला साखर आहे का. तो कागद म्हणजे शिरगणती नव्हे. त्यात खरे सांगावे. विशेषतः मिशरीचे.

मिशरीवर मला एक स्वतंत्र भाषण द्यायला आवडेल. आमच्याकडे विडी ओढणारी बाई दिसली तर गाव बघत राहील, पण सकाळी तव्यावर तंबाखू भाजून दात घासणारी बाई कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. तिला ते व्यसन वाटतच नाही, ती म्हणते, "मी कुठं तंबाखू खाते? नुसती मिशरी लावते." आशाताईंनी विचारले की उत्तर येते, "नाही." अशा बाईने आरशात तोंड उघडून पाहावे. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरलेली जखम, पूर्वी उघडायचे तेवढे तोंड न उघडणे, तिखट सोसेनासे होणे, यांपैकी काही असेल तर दाखवावे. केरळात झालेल्या मोठ्या पाहणीत दिसून आले, की तंबाखूचे व्यसन असणाऱ्यांचे तोंड नुसते उजेडात नीट तपासले तरी मृत्यू कमी होतात. एक बॅटरी आणि पाहणारे डोळे, इतकेच साहित्य.

स्तनांच्या तपासणीबद्दल शहरातल्या मासिकांत मॅमोग्राफीचे यंत्र असते. ते चांगले यंत्र आहे, विशेषतः पन्नाशीनंतर. पण खेड्याला ते कधी दिसायचे? मुंबईत टाटा रुग्णालयाने 1998 पासून वस्त्यांतल्या दीड लाखांवर स्त्रियांची पाहणी केली. साध्या शिकलेल्या बायांना हाताने तपासण्याचे शिक्षण दिले, आणि त्यांनी दर दोन वर्षांनी घरोघरच्या बायकांना तपासले. वीस वर्षांचा हिशेब 2021 साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी गाठ लागली, बोंडशी आत ओढली गेली, तिच्यातून रक्त आले, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात जावे.

रक्तदाबाचे सांगणे थोडके. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90, यापुढे गेला आणि पुन्हा मोजल्यावरही तसाच राहिला, तर तो वाढलेला आहे. पाळी जाईपर्यंत बाईला हृदयविकारापासून थोडे संरक्षण असते; नंतर ते राहत नाही, आणि "बायांना कुठे हार्टअटॅक येतो" असे म्हणणारे घर बेसावध राहते. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्यावर आली तर चाचणी पुन्हा करून खात्री करावी. रक्ताचा तपास करताना हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. ते 12 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. आणि पाळी गेलेल्या बाईचे रक्त कमी निघाले तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर समाधान मानू नये. पाळीवाटे जात नसेल तर ते जाते कुठे, हे शोधायला लावावे. डोळ्यांचा मोतीबिंदू, हाडांचा ठिसूळपणा हेही याच वयाचे. न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडलेली म्हातारी प्रत्येक गल्लीत एक तरी असते.

उलटपक्षी, "संपूर्ण शरीर तपासणी, साठ चाचण्या, सवलतीत" अशा ज्या जाहिराती येतात त्यांच्या नादी लागू नये असे मी म्हणेन. निरोगी माणसाच्या साठ चाचण्या केल्या तर दोन-तीन आकडे इकडेतिकडे निघायचेच. हे संख्याशास्त्र आहे, वैद्यक नव्हे. मग त्या दोन-तीन आकड्यांमागे धावण्यात बैल विकायची पाळी येते. थोड्या, पण ज्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे अशाच तपासण्या, आणि त्या वेळेवर.

इतके सारे असून बायका जातात किती? 2019 ते 2021 या काळात देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या शंभरात दोनही भरल्या नाहीत. स्तनांची तपासणी झालेल्या शंभरात एकही नाही. आकडा वाचून मी प्रथम छपाईची चूक समजलो होतो.

का जात नाहीत? लाज हे एक उत्तर, आणि ते खरेच आहे. टेबलावर झोपायचे, परक्या माणसाने पाहायचे. पण बाईला आधी नीट सांगितले की सिस्टर असतात, पडदा असतो, पाच मिनिटांत होते, थोडे अवघडल्यासारखे वाटते पण कापाकापी नाही, तर ती लाज बरीच ओसरते. विषाणूच्या चाचणीत तर नमुना बाईला स्वतःलाच घेता येतो. जेथे ती सोय मिळेल तेथे अवश्य विचारावे. पाळी गेलेल्या बाईला आम्लाच्या तपासणीत नीट दिसत नाही, कारण पाहायचा भाग आत सरकलेला असतो. तिला विषाणूची चाचणी अधिक उपयोगी. लाजेहून मोठे कारण मला दुसरेच वाटते. बाईचा दिवस मोकळा नसतो. तिला दवाखान्यात जायचे तर म्हैस कोणी पिळायची, भाकरी कोणी थापायची, रोज कोणी भरून द्यायचा? आणि सोबत कोण? म्हणून पुरुषांना माझे सांगणे आहे, की तुम्ही उपदेश करू नका, एक दिवस मोकळा करून द्या.

हे मी अधिकाराने बोलतो असे समजू नका. अक्काचे दिवस झाल्यावर मी माझ्या पत्नीला म्हटले, तू तपासून ये. ती हो म्हणाली. पुढल्या महिन्यात पुन्हा म्हटले, पुन्हा हो म्हणाली. असे वर्ष गेले. मी आकडे सांगत होतो, बार्शीचे, मुंबईचे. ती पोळ्या लाटत ऐकत होती. शेवटी शेजारच्या शाळेतल्या बाई तिला म्हणाल्या, "मलाही जायचंय हो, पण एकटीला नको वाटतं." झाले. त्या दोघींनी गुरुवार ठरविला, आणखी तिघी जमविल्या. मी त्या दिवशी रजा काढून घरी राहिलो आणि पिठलं-भात केला, तो फारसा जमला नाही.

पाची जणींच्या पिशवीचे तोंड निरोगी निघाले. एकीला स्तनात गाठ लागली, ती पुढे साधी निघाली. मधले पंधरा दिवस मात्र तिच्या घरात कोणी धड जेवले नाही. आणि आमच्या घरी जिचे कधी डोके दुखल्याचे मी ऐकले नव्हते, तिचा रक्तदाब निघाला एकशे सत्तर आणि शंभर. आता रोज सकाळी एक गोळी असते. लोणचे ताटात वाढायचे की नाही, यावर आमचा अजून तंटा चालू आहे. येत्या मार्चमध्ये त्या पाची जणी पुन्हा जाणार आहेत, रक्तदाब आणि साखर दाखवायला, आणि या खेपेला माझ्या अक्काची सून त्यांच्याबरोबर येणार आहे. तिने मला तसे कळविले आहे.